जेवणाच्या रांगेत मिळालेलं बक्षीस

सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस मला पनीरच्या ट्रेपाशी मिळालं. माझ्या एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात डाव, आणि मागून मंडळाचे सेक्रेटरी ट्रॉफी पुढे करतायत, "हे घे, तुझं राहिलंच होतं." सेक्रेटरी म्हणजे आमचे हेच. लग्नाचा नवरा!

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. इथे अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळाची एकांकिका स्पर्धा होती आणि मी नायिकेच्या सासूचं काम केलं होतं. नायक-नायिकेला स्टेजवर बोलावलं, शाली झाल्या, फोटो झाले. मग ह्यांनी घड्याळ बघितलं आणि माइकवर जाहीर केलं, "बाकीची बक्षिसं जेवताना देऊ या, जेवण थंड होतंय." बाकीची म्हणे! दोन महिने आमच्या गराजमध्ये, ह्यूस्टनच्या त्या चिकट उकाड्यात तालमी केल्या, त्या काय पनीर गरम राहावं म्हणून?

त्यातून पुण्यात आई सकाळी सातला चहाचा कप घेऊन फोनसमोर बसली होती. पुढच्या रांगेतल्या मैत्रिणीनं व्हिडिओ कॉल लावून फोन स्टेजकडे धरला होता. कार्यक्रम संपल्यावर आईनं विचारलं, "तुझं नाव कधी घेतलं गं? मला ऐकूच नाही आलं."

"तेव्हा नेमकं नेटवर्क गेलं असेल, आई."

"छे गं, टाळ्या तर ऐकू येत होत्या. माझे कानच गेले बहुतेक."

दुसऱ्याच दिवशी ती कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सणासुदीला भांडण नको म्हणून ह्यांच्यापाशी विषय काढला नाही.

तो राग पुन्हा वर आला ह्या उन्हाळ्यात, शेजारणीच्या घरी. आमची शेजारीण चिनी. तिची थोरली बहीण तिकडे आयुष्यभर सिनेमात कामं करतेय. कधी नायिकेची मावशी, कधी हॉस्पिटलातली नर्स, कधी नुसतीच सूप घेऊन येणारी बाई. ह्या वर्षी तिला तिथल्या मोठ्या पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं होतं. सोहळा चीनमध्ये रात्री, म्हणजे आमच्याकडे शनिवारी सकाळी. मी कांदेपोहे करून नेले. हे डंपलिंग खायला आले.

टीव्हीवर एकेकीचं नाव घेत होते. नाव, मग सिनेमातला तिचा छोटासा तुकडा, मग खुर्चीत बसलेली ती. बहिणीचं नाव आलं तशी शेजारीण ताडकन उठून उभीच राहिली. तुकड्यात बहीण काही बोलतसुद्धा नव्हती, नुसती दार लावून घेत होती. पण काय लावलं होतं ते दार!

तेवढ्यात हे डंपलिंग चावत विचारतात, "मेन अवॉर्ड कधी आहे?"

अस्सा संताप आला म्हणता! पण परक्याच्या घरात काय बोलणार?

बक्षीस बहिणीला नाही, दुसऱ्याच कोणाला मिळालं. मी सांत्वन करायला गेले, तर शेजारीण डोळे पुसत हसत होती. म्हणाली, "अगं, अख्ख्या देशासमोर तिचं नाव घेतलं!"

बाहेर ड्राइव्हवेवर मी ह्यांना फैलावर घेतलं. "जिला बक्षीस मिळालं नाही तिचंसुद्धा तिथे नाव घेतात. आणि मला मिळालं, तर तुम्ही मला पनीरच्या ट्रेपाशी गाठता?"

"अगं, ट्रॉफी तर मिळाली ना तुला? विषय संपला."

विषय संपला! घरी येऊन मी ती ट्रॉफी ह्यांच्या लॅपटॉपशेजारी ठेवली आणि गणपतीपर्यंत हलवू दिली नाही.

ह्या वर्षी मी नाटकात नव्हते. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. शेजारीण पाहुणी म्हणून आली होती. बक्षिसं सुरू होताना मी आईला फोन लावला आणि तो शेजारणीच्या हातात दिला. नायक-नायिका झाले. सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस नागपूरहून नुकत्याच आलेल्या, नणंदेचं काम केलेल्या एका मुलीला होतं. ह्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "बाकीची बक्षिसं..."

"झाकणं उघडायची नाहीत!" मी जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून ओरडले. रांगेकडे निघालेले लोक जागीच थांबले. "आधी नाव, मग जेवण."

ह्यांचा चेहरा पडला. पण नाव घेतलं. ती पोरगी स्टेजवर गेली, शाल घेतली, फोटोसाठी उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत कोणी तिला घाई केली नाही.

मी मात्र हलले नाही. "गेल्या वर्षीचं राहिलंय," मी म्हटलं. "लग्नात घासाघासाला माझ्याकडून नाव घेववलंत ना? आता तुम्ही घ्या."

हॉलमध्ये हशा पिकला. हे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारणीच्या हातातल्या फोनकडे बघितलं, आणि माइक तोंडाजवळ नेऊन माझं नाव घेतलं. माहेरच्या नावासकट, सावकाश.

टाळ्या वाजल्या, थांबल्या, आणि फोनमधून आईचा आवाज आला, "ऐकू आलं गं! माझे कान चांगले आहेत!"