न उघडणाऱ्यांची यादी

नाशिकमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काढली आहेत. मुली इगतपुरीकडच्या पाड्यांवरच्या. देणगीदारांना दर महिन्याला ईमेल पाठवायचं काम माझ्याकडे. लिहायचा कंटाळा मला कधी आला नाही. कंटाळा आला तो नंतरच्या आकड्यांचा. किती जणांनी ईमेल उघडला, किती जणांनी लिंक दाबली, याचा तक्ता प्रत्येक बैठकीत विश्वस्तांपुढे ठेवायचा. एका विश्वस्तांचं बोट कायम पहिल्याच रकान्यावर. "उघडणारे एवढेच?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गेल्या वर्षी वैतागून मी सोपा उपाय केला. वर्षभरात ज्यांनी एकही ईमेल उघडला नव्हता, ती सगळी नावं यादीतून काढली. न उघडणारेच गेल्यावर टक्केवारी चढणारच. देणग्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण बैठकीत माझं कौतुक झालं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

आमच्याकडे तिथीच्या जेवणाची पद्धत आहे. घरातल्या गेलेल्या माणसाच्या तिथीला देणगीदार मुलींना गोडाचं जेवण देतात आणि जेवणघरातल्या फळ्यावर त्या माणसाचं नाव खडूने लिहिलं जातं. 'जेवायला या' हे आमंत्रण ईमेलमधूनच जातं.

दिवाळीनंतर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार रिक्षाने आले. बायकोच्या तिथीला दरवर्षी येऊन ते मुलींच्या पंगतीत बसायचे. यंदा तिथी होऊन महिना उलटला होता. दारातच थांबले.

"चालू आहे की वसतिगृह," ते म्हणाले. "पत्र आलं नाही, म्हटलं बंद पडलं."

"फोन तरी करायचा ना, काका."

"बोलावल्याशिवाय जायची सवय नाही, मॅडम. त्या दिवशी कपडे करून बसलो होतो."

मी त्यांचा मोबाइल बघायला मागितला. आमचे जुने ईमेल त्यांनी एकूण एक वाचले होते, जपूनही ठेवले होते. फक्त इंटरनेटचा डेटा कमी खर्च व्हावा म्हणून मुलाने त्यात चित्रं दिसणं बंद करून दिलं होतं. आमच्या ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक बारीक चित्र असतं. ते फोनवर उतरलं, म्हणजे डाउनलोड झालं, तरच 'उघडला' अशी नोंद होते. काही फोन तर ते आपोआप उतरवतात, म्हणजे ढुंकून न बघणारेही माझ्या तक्त्यात वाचक. आणि ओळ न् ओळ वाचणारा माणूस मी काढून टाकला होता. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक असायला हवं होतं. मला लाज वाटली.

"त्या दिवशी मुलींनी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"आमटी-भात."

"पोटभर?"

"हो."

मी म्हटलं, आजच शिरा करायला सांगते, फळ्यावर नाव लिहिते. ते नको म्हणाले. "तिथी गेली ती गेली. पुढच्या वर्षी पत्र पाठवा."

त्याच दुपारी मी सगळी नावं परत घातली. पुढच्या बैठकीत टक्केवारी धाडकन खाली आली आणि बोट पुन्हा पहिल्या रकान्यावर गेलं. आता टेबलासमोरच्या कॅलेंडरवर त्या तिथीला मी लाल गोल केलाय. सुभेदार ब्याऐंशीचे आहेत, आणि ते पान अजून फार लांब आहे.