ओळंब्यांची पेटी

जबलपूरच्या एका ट्रेनिंग स्कूलात मी तीस वर्षं लेथ मशीन शिकवलं. शिकून नोकरीला लागलेला प्रत्येक जण जाताना स्वतः घडवलेला एक पितळी ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीनं सोडतात तसला, मला देऊन जाई. मी त्याच्या दोरीला चिठ्ठी बांधायचो, नाव आणि नोकरीचं गाव. सगळ्यांचं शाईनं लिहिलं. एका मुलीचं गाव मात्र पेन्सिलीनं, कारण ती माझी मुलगी.

बायको गेल्यावर चेरीतालच्या घरात मी आणि ती पेटी, दोघंच उरलो. "इथं धड कंपनी आली तर मी लगेच परत येईन, बाबा," मुलगी पुण्याहून म्हणायची. त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होतो.

गेल्या वर्षी एक कंपनी कारखान्यासाठी जागा बघायला आली. सिविल लाइंसमधल्या बैठकीत कारागिरांबद्दल सांगायला मलाही बोलावलं. सरकारी साहेब लोकांचं करमाफीचं पालुपद काही संपेना. मला हसू येत होतं. कर माफ केला म्हणून लेथ फिरत नाही, फिरवणारा लागतो. कंपनीचा माणूसही तेच म्हणाला, सवलत तर सगळेच देतात, आम्हाला शिकलेले हात हवेत. मग काय, मी पेटीच टेबलावर उघडली.

त्यानं एक ओळंबा उचलून टोकापर्यंत अंगठा फिरवला. काम त्याला पटलं. मग तो चिठ्ठ्या वाचू लागला. पुणे. पिथमपूर. चेन्नई. पुणे. पुणे.

"मास्टरजी, इनमें से जबलपुर में कौन है?"

छाती फुगवून माल दाखवायला गेलो आणि दुकान रिकामं असल्याचा पुरावा मीच मांडून बसलो.

"मैं हूँ," मी म्हणालो. तो हसला नाही, एवढं त्याचं चांगुलपण.

काही महिन्यांनी मुलीचा फोन आला.

"बाबा, ती कंपनी इकडं पुण्यातच येऊन राहिली. मला सुपरवायझर म्हणून घेतलं."

मी पेटीचं झाकण उघडलं.

"काहून गप्प झाले?"

"ऐकून राहिलो ना. छान झालं, बेटा."

छानच झालं होतं, आणि मला फार एकटं वाटत होतं. फोन ठेवला, पेटीतून तिचा ओळंबा काढला, पेन शोधलं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं पुणे शाईनं गिरवलं.