तुमचं हलू की आमचं

त्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी लान्स नाईक होतो. इंजिनिअर रेजिमेंट, हिमालयातला एक रस्ता, आणि त्या रस्त्यावर घसरलेल्या, रुतलेल्या, दरीत डोकावणाऱ्या गाड्या बाहेर काढणारी आमची छोटी रिकव्हरी पार्टी. जागेचं नाव सांगत नाही, तशी सवयच नाही. उंची अशी होती की पाणी लवकर उकळायचं, पण डाळ काही शिजायची नाही. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळ्या फुटतात. हे मला पहिल्याच दिवशी कच्ची डाळ चावताना कळलं. दहावीला विज्ञानात मी काठावर पास झालो होतो.

हल्ली जव्हारला मी भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना पळवतो. पळून झालं की ती विचारतात, साहेब, तुम्ही गोळ्या किती झाडल्या? मी सांगतो, गोळ्या थोड्या, गाड्या जास्त ओढल्या. सगळ्यांचे चेहरे पडतात. मग मी पिशवीतून दोर आणि कप्पी काढतो, आणि थोड्याच वेळात हीच पोरं एकमेकांना ढकलून पुढे यायला लागतात. मलाही असंच झालं होतं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडलो, आणि तेही गुडघाभर चिखलात उभा राहून.

याचा सगळा दोष सुभेदार मोहिते साहेबांचा. आमचे पार्टी कमांडर, कराडकडचे. ते माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायचे. मी जामसरचा, म्हणून मी जामसर. माझ्याबरोबरचा सदू वावर गावाच्या पुढच्या वांगणीचा, म्हणून तो वांगणी. सदू आणि मी एकाच तालुक्यातले, पण पहिली भेट झाली ती तिथे, बर्फात.

रोज पीटी झाली, चहा झाला की साहेबांचा क्लास. फळा नाही, खडू नाही. एकदा त्यांनी सपाट रस्त्यावर थ्री-टनर ट्रक न्यूट्रलला उभा केला आणि सदूला आणि मला म्हणाले, ढकला. आम्ही हसलो. हिसके मारमारून दमलो, ट्रक जागचा हलला नाही. "मारू नका. नुसते टेका, आणि टेकून राहा," साहेब म्हणाले. आम्ही टेकलो. बराच वेळ काहीच नाही, आणि मग तो एवढा मोठा ट्रक चालायला लागला! आमच्या दोघांच्या खांद्यांनी! सदू तर ओरडायलाच लागला. साहेब शांतपणे म्हणाले, "आता थांबवा." थांबवताना आमचे बूट रस्त्यावर घासत गेले. चालू करायला जेवढा घाम गेला होता, तेवढाच थांबवायलाही गेला. जडत्व हा शब्द मी शाळेत पाठ केला होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी खांद्याला कळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विटेला सुतळी बांधली. हळू ओढली, वीट मुकाट्याने मागे आली. मग एक हिसका दिला, सुतळी तुटली. वीट तीच, सुतळी तीच, हातही तोच. "रिकव्हरीत माणसं वजनाने मरत नाहीत. हिसक्याने मरतात," ते म्हणाले. मग कप्पीचा दिवस आला. अडकलेल्या गाडीला कप्पी लावायची, दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याकडे आणून बांधायचा. विंचला, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, ताण निम्मा, पण दोर दुप्पट गुंडाळावा लागतो. त्यावर साहेबांचं ठरलेलं वाक्य होतं, देवाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही.

सदूला हे सगळं भारी आवडायचं. त्याचं लहानपण आईबापाबरोबर भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर गेलेलं. हिंदी तिथे शिकला, मराठी आश्रमशाळेत. घरची बोली वेगळीच. त्यामुळे 'ळ' त्याच्या जिभेवर कधी चढलाच नाही. शाळा म्हणजे शाला, डोळा म्हणजे डोला. माझी जीभ गुरुजींनी छडी मारून सरळ केलेली, पण माझी आजीही तसंच बोलायची, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटायचं नाही.

वेगळं वाटलं ते नाईक पवारांना. पवार विंच ऑपरेटर, सातारा तालुक्यातले. एकदा सरावाला आम्ही पाण्याचा ट्रेलर चढावर ओढत होतो. मागे सदू उभा राहून चाकांवर नजर ठेवून होता. ट्रेलर थोडा तिरका झाला तसा तो ओरडला, "हलू! हलू!" त्याला म्हणायचं होतं हळू. पवारांनी ऐकलं हलू, म्हणजे हलू दे, येऊ दे. त्यांनी रेस दिली. ट्रेलर चढ ओलांडून जो सुटला तो थेट लंगरच्या तंबूत. त्या दिवशीची सगळी भाजी मातीला मिळाली.

साहेबांनी दोघांनाही विचारलं. दोघेही खरंच बोलत होते, त्यामुळे शिक्षा कुणालाच झाली नाही. फक्त ऑर्डर निघाली, रेडिओवर मराठी बंद. हळू म्हणायचं असेल तर आहिस्ता. पवारांचा जीव मोठा. त्यांनी सदूला ळ शिकवायचा विडाच उचलला. संध्याकाळी शेगडीपाशी शिकवणी चालायची. "जीभ मागं वळव," पवार म्हणायचे. "वलवतो ना," सदू म्हणायचा, आणि सगळी बराक हसून लोळायची.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेदहाला रेडिओवर मेसेज आला. वरच्या पोस्टवरून येणारी ॲम्ब्युलन्स कॉन्व्हॉयला वाट द्यायला रिव्हर्स घेत होती, तेवढ्यात रस्त्याची कड ढासळली. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीची पुढची चाकं रस्त्यावर होती, पोट कडेवर टेकलेलं, मागचा भाग दरीवर. मागचं एक चाक खाली एका धोंड्यावर टेकलं होतं. खाली नदी. आत तिघे होते, ड्रायव्हर बलबीर, एक नर्सिंग असिस्टंट आणि स्ट्रेचरवर बांधलेला मांडी मोडलेला जवान. मागचं दार दरीवरच उघडत होतं, त्यामुळे स्ट्रेचर बाहेर काढायला वाट नव्हती.

बलबीर विशीतला. त्याचा हात दाराच्या हँडलवर होता. "साहब, उतर जाऊँ?" त्याने विचारलं. मोहिते साहेब खिडकीजवळ गेले आणि म्हणाले, "तू उतरा, तो गाड़ी भी उतरेगी. बैठा रह."

त्याला ते लगेच कळलं. मलाही कळलं. गाडी जत्रेतल्या तराजूसारखी तोलून राहिली होती, आणि पुढच्या पारड्यात बलबीरचं वजन होतं. त्याने हँडलवरचा हात काढला आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. नर्सिंग असिस्टंटला साहेबांनी आतूनच पुढे सरकायला लावलं, एकेक वीत, हिसका न देता.

आमची रिकव्हरी गाडी ॲम्ब्युलन्सच्या पुढे थोड्या अंतरावर उभी केली, चाकांना लाकडी ठोकळे लावले, तिचं बूड दुसऱ्या दोराने खडकाला बांधलं. ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या हुकाला कप्पी लावली. तारेच्या दोरावर ओली ब्लँकेटं टाकली. ताणलेला दोर तुटला तर साठलेली सगळी ऊर्जा गोफणीसारखी सुटते, ब्लँकेटं ती थोडी तरी खातात. वरून मागचं चाक कुणालाच दिसत नव्हतं. कुणीतरी खाली उतरून चाकाजवळ थांबायला हवं होतं.

"वांगणी," साहेब म्हणाले. सदू कमरेला दोर बांधून तयारच होता. वांगणीच्या डोंगरात वाढलेला माणूस, बकरीसारखा उतरला.

मी विंचशेजारी उभा राहिलो, रेडिओ हातात घेऊन. पवारांचा एक हात क्लचवर, एक रेसवर.

"विंच टू वांगणी. रेडी?"

"रेडी. आहिस्ता."

दोर ताणला. तारेतून बारीक आवाज यायला लागला. गाडी सुरुवातीला जागची हलली नाही, आणि मग आली, चार बोटं. भीती होती, पण खोटं कशाला बोलू, आनंदही होता. ते सगळं, वीट, सुतळी, कप्पी, खांद्याने ढकललेला ट्रक, तिथे डोळ्यांसमोर खरं होत होतं. आहिस्ता, आहिस्ता, सदूचा आवाज येत होता. हातभर आली.

मग खालून धोंडा सुटल्याचा आवाज आला. तो गडगडत नदीत गेला. ॲम्ब्युलन्सचं नाक वर उचललं आणि आत कुणीतरी ओरडलं. रेडिओ खरखरला.

"हलू! हलू!"

पवारांची बोटं रेसवर आवळली, पण त्यांनी रेस दिली नाही. महिनाभर शेगडीपाशी त्यांनी सदूला आपली मराठी शिकवली होती. आता तो कोणत्या भाषेत ओरडतोय, हे त्यांना कळेना. धोंडा गेला म्हणजे ओढ, लवकर ओढ, असंही असू शकत होतं. त्यांनी नजर दोरावरून काढली नाही, फक्त विचारलं.

"जामसर, तुमचं हलू की आमचं?"

खाली माझ्या तालुक्यातला माणूस होता. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस शिकवणीतलं बोलत नाही, आईचं बोलतो.

"आमचं," मी म्हणालो. "हळू, पवार. एकदम हळू."

पवारांनी रेस सोडत आणली. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. दोर इतक्या हळू येत होता की तो थांबलाय असंच वाटावं. नाक खाली टेकलं. खालून पुन्हा आवाज आला, आता ओरडणं नव्हतं, अंगाई म्हणावी तसा. हलू. हलू. हलू. मागची चाकं रस्त्याच्या कडेवर दिसली, चढली, आणि चारही चाकं रस्त्यावर आली तेव्हा तिथला प्रत्येक माणूस एकाच वेळी श्वास सोडत होता.

काय झालं होतं ते सदूने वर आल्यावर सांगितलं. धोंडा सुटला तसं चाक खालच्या एका अरुंद कपारीवर बसलं आणि तिच्यावरून सरकत चढायला लागलं. जोवर ओढ हळू होती तोवर चाकाला पकड होती. हिसका बसला असता तर पकड सुटून गाडी आडवी फिरली असती आणि दरीत गेली असती. स्ट्रेचरवरचा जवान इंजेक्शनच्या गुंगीत होता. डोळे उघडून त्याने विचारलं, गाडी का थांबली? आम्ही एवढे हसलो की बलबीर रडायला लागला.

मोहिते साहेब सदूसमोर उभे राहिले. म्हणाले, "मी काय म्हणायला सांगितलं होतं?"

"आहिस्ता, साहेब."

"मग?"

"घाबारलो साहेब. तवा तोंडात तोच आला."

साहेबांनी थोडा विचार केला. उद्यापासून या पार्टीत हळूला हलू म्हणायचं, म्हणाले, आणि हलूचा दुसरा कुठलाही अर्थ नाही, हे लंगरवाल्यांनाही सांगा. दुसऱ्या सकाळपासून पंजाबचा, बिहारचा, तमिळनाडूचा, आमचा प्रत्येक माणूस विंचवर हलू म्हणायला लागला. पवारही म्हणायला लागले. शिकवणी बंद झाली, आणि सदूच्या चालीत महिनाभर वेगळाच तोरा होता.

पुढच्या वसंतात, बर्फ वितळायला लागल्यावर, आम्ही दरड साफ करत होतो. वरून दगड आला. सदूने बाजूच्या दोघांना ढकललं, त्याला स्वतःला वेळ मिळाला नाही. पडणाऱ्या दगडाला हळू माहीत नसतं, क्षणाक्षणाला त्याचा वेग वाढत जातो. हे मोहिते साहेबांनी आम्हाला शिकवलं होतं. ते गणित मी त्यानंतर कधी केलं नाही.

त्याला घेऊन मीच आलो. जव्हारपर्यंत गाडी, पुढे जिथे रस्ता संपला तिथून खांद्यावर. पाड्यावरच्या माणसांनी हात लावला, आणि एका म्हाताऱ्याने उतारावर, दगड निसरडे होते म्हणून, आम्हाला सांगितलं, हलू, पोराहो. तिथे मी पहिल्यांदा रडलो.

आता मी रिटायर आहे. पवार अजून नोकरीत आहेत, सुभेदार झालेत. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर एक आवाज पाठवला. सोबत लिहिलं होतं, नवी पोरं आहेत, सदूला यातल्या एकानेही पाहिलेलं नाही, ऐक. वांगणीत रेंज मिळत नाही, म्हणून मी तो फोनमध्ये साठवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सदूच्या आईकडे गेलो. ती ओट्यावर नागली पाखडत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. इंजिनाची घरघर, वारा, आणि एका पोराचा आवाज, वेगळ्याच हेलात, पण शब्द स्पष्ट. हलू. हलू.

तिने सूप खाली ठेवलं.

"यो आमच्यातला पोर का रं?"

"नाही, आये. केरळचा आहे."

"तं यो आमच्यावानी कसा बोलं?"

"सदूने शिकवलं," मी म्हणालो.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, आजूक एकदा लाव. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. या वेळी ती नुसती ऐकत राहिली नाही. आतला पोर हलू म्हणाला की ती मान हलवायची आणि त्या फोनला सांगायची, "हां बाबा. हलू. हलू."