क्वायर माझा, हॉल त्यांचा

माझ्या डोक्यावर कुणी कधी पाणी ओतलं नाही, म्हणून माझी नोकरी गेली. मी हे सांगते तेव्हा पुण्याकडचे लोक हसतात. जर्मन लोक हसत नाहीत, त्यांना त्यात काही वावगं दिसतच नाही. बाप्तिस्मा न झालेल्या बाईने चर्चचा क्वायर चालवायचा नाही, असा नियम आहे. आणि नियम आहे म्हटलं की इथल्या माणसाचा चेहरा कसा निवांत होतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी स्टुटगार्टमध्ये क्वायर चालवायचे. बल्गेरिया, रशिया, सर्बिया इकडच्या चर्चमधली जुनी गाणी आम्ही गायचो, आता कुणाच्याही घरात बोलली न जाणारी जी जुनी स्लाव्हिक भाषा आहे, तिच्यातली. या गाण्याला वाद्य चालत नाही. ऑर्गन नाही, पियानो नाही, नुसते गळे. म्हणून स्वर देण्याची एक रीत आहे. संचालकाने नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि त्यावरून क्वायरच्या चारही भागांना आपापला स्वर गुणगुणून द्यायचा, इतका हळू की पहिल्या बाकावरच्या माणसालाही तो कळू नये. मग हात उचलायचा. माझं सगळं करिअर त्या गुणगुणण्यात होतं म्हटलं तरी चालेल.

हे मला शिकवलं एका बल्गेरियन बाईने. मी कार्ल्सरूहेला मेकॅनिकल शिकायला आले होते. हॉस्टेलच्या किचनमध्ये संध्याकाळी एकटीने मॅगी खाण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून युनिव्हर्सिटीच्या क्वायरमध्ये गेले, तर तिथे ही बाई. बुटकी, जाड चष्मा, कायम चिडलेली. मला नोटेशन वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "मग इथे काय करणार तू?" मी म्हटलं, ऐकेन. तिने एक स्वर दिला आणि सगळ्यांना तो धरून ठेवायला सांगितलं. बाकीचे हळूहळू खाली घसरले, मी होते तिथेच राहिले. तिने विचारलं, कुठे शिकलीस?

शिकले कुठेच नव्हते. लहानपणी दर रविवारी आईबरोबर वस्तीतल्या विहारात जायचे. तिथे आम्ही बायका-पोरं पालीत वंदना म्हणायचो. पेटी नाही, तबला नाही, भाषा निम्म्यांना कळत नसे, पण सगळ्यांनी एका स्वरात म्हणायचं. पुढे बसणाऱ्या मावशी स्वर देत आणि कुणी घसरलं की नुसतं मान वळवून बघत. त्या बघण्याची मला अजून भीती वाटते. हे मी बल्गेरियन बाईला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेच तर आहे हे."

तिच्या देशात तिची शाळेतली नोकरी गेली होती, कारण ती रविवारी चर्चमध्ये गायची. तेव्हा तिकडे देव मानणारा शिक्षक सरकारला नको होता. मला हे फार भयंकर वाटायचं. इथे असलं काही होत नाही, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. बिचारी चष्मा पुसत बसायची.

शिक्षण संपल्यावर मी गेर्लिंगेनला एका मोठ्या कंपनीत लागले. पंपांची थरथर मोजायचं काम. दिवसभर पंप ऐकायचे, मंगळवारी संध्याकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून क्वायर ऐकायला पळायचं. बाईंनी तोवर स्टुटगार्टमध्ये स्वतःचा क्वायर उभा केला होता, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. त्या थकल्यावर क्वायर त्यांनी माझ्या हातात दिला आणि नादकाटाही दिला. मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन संचालनाची परीक्षा दिली आणि पुढे कंपनी सोडली. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून सूनबाईंचे लाड चाललेत, असं सासूबाई म्हणायच्या. ते खरंच होतं. पण मला इतर शहरांतले क्वायर उच्चार शिकवायला बोलावू लागले. जर्मन तोंडाला या गाण्यांतली मऊ व्यंजनं जमत नाहीत. मी माझ्या प्रतीत स्वरांखाली शब्द देवनागरीत लिहायचे, त्यात सगळं नीट बसायचं. 'गोस्पोदी पोमीलुय', म्हणजे प्रभो, दया कर. हे मी हजारो वेळा गाऊन घेतलं असेल, आणि माझा प्रभू नाही.

याचा त्रास मला कधी झाला नाही. त्रास झाला आपल्याच लोकांना. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला एका बाईंनी ताटात करंजी वाढता वाढता विचारलं, "तुम्ही चर्चमध्ये गाता ना? म्हणजे कन्व्हर्ट वगैरे झालात का?" मी नाही म्हटलं. "मग... आडनाव काय म्हणालात तुमचं?" मी सांगितलं. "अच्छा अच्छा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. तो 'अच्छा' मी ओळखते. सात समुद्र ओलांडून आला तरी तो तसाच असतो. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, त्यापेक्षा माझे जर्मन बरे, ते मला आडनाव विचारत नाहीत.

ते काय विचारतात, ते मला पुढे कळायचं होतं.

त्या चर्चच्या पाद्रीबाई मला आवडायच्या. सायकलवरून यायच्या, आमच्या प्रॅक्टिसला दारात उभ्या राहून डोळे मिटून ऐकायच्या. एका मंगळवारी त्यांनी मला आधी बोलावलं. केक कापून ठेवला होता. जर्मन माणसाने केक आधीच कापून ठेवला असेल तर सावध व्हावं, हे मी आता सगळ्यांना सांगते. त्या म्हणाल्या, चर्चच्या मंडळीने आमचा क्वायर आपल्यात घ्यायचं ठरवलंय. हॉल कायमचा, हीटिंगसकट, आणि संचालकाची पक्की श्टेले, म्हणजे पर्मनंट जागा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी कायम कुणाच्या ना कुणाच्या दयेवर हॉल वापरत आलेली बाई.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "एक लहानशी गोष्ट राहते. जागा चर्चची, म्हणून तुम्ही सदस्य असायला हव्यात."

"मी बौद्ध आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. तुमच्या मनात काय आहे ते कुणी विचारणार नाही. बाप्तिस्मा अगदी घरगुती करू, रविवारी सगळ्यांसमोर नको. ही फक्त फॉर्मॅलिटी आहे."

मनात काय आहे ते विचारणार नाही. त्यांनी हे प्रेमाने म्हटलं होतं आणि मला ते सगळ्यात जास्त लागलं. आधी मनातलं विचारलं असतं तर मी निदान भांडले असते.

क्वायरने एकमताने मला बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं. आमच्यात एक म्हातारा बास, म्हणजे खर्जातला गायक, होता, मागच्या ओळीत उभा राहणारा, खालच्या स्वरात जमीन हलवणारा. तो तर म्हणाला, "घेऊन टाक की. ओतू दे पाणी, मी टॉवेल घेऊन उभा राहतो." सगळे हसले. मीही हसले. घरी आले तर मुलगी म्हणाली, "ममा, इस्ट डोख नुअर वासर." पाणीच तर आहे. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर द्यायचं म्हटलं की जर्मनच तोंडात येतं. तिला मी काय सांगणार होते?

मी खोटं सांगणार नाही, मन डळमळलं होतं. चर्चमध्ये शिरताना उजव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी भांडं आहे, त्यावर तांब्याचं झाकण. कार्यक्रमाच्या दिवशी त्या झाकणावर आम्ही चहाचे थर्मास ठेवायचो. आता मी त्याच्यापाशी थांबून किती वाकावं लागेल याचा अंदाज घ्यायला लागले. मग मी अप्पांना फोन केला. अप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड शिक्षक. वाटलं होतं, ते ओरडतील आणि माझी सुटका होईल.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मला विचारतेस कशाला? तुझ्या आजोबांनी कुणाला विचारलं होतं?"

"अप्पा, तुम्ही नाही म्हणा ना."

"मी कशाला नाही म्हणू? ते सगळं सोडून नागपूरला गेले ते स्वतःच्या मनाने गेले. घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. आजीने महिनाभर अबोला धरला होता त्यांच्याशी. तुला मनापासून येशूकडे जायचं असेल तर जा, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही."

"मनापासून नाही हो. जागेसाठी."

"मग तूच बघ बाई," अप्पा म्हणाले आणि लगेच तिकडे थंडी किती आहे ते विचारायला लागले.

आजोबा मान खाली घालायची नाही म्हणून धर्म बदलून आले होते. मी तीच मान हीटिंगच्या हॉलसाठी खाली घालणार होते. एकदा असं दिसल्यावर मग पुढे काही उरलं नाही. मी पाद्रीबाईंना नाही सांगितलं. त्या खरोखर रडल्या. नियम मात्र रडला नाही.

मला वाटत होतं, क्वायर माझ्याबरोबर येईल. आम्ही दुसरा हॉल शोधू, शाळेचा, अग्निशमन दलाचा, नाहीतर कुणाच्या गॅरेजमध्ये गाऊ. बल्गेरियन बाई तर त्यांच्या देशात नोकरी गेल्यावर तळघरात गायल्या होत्या. मी तसं सगळ्यांसमोर बोललेही. ते सगळे माझ्याकडे फार मायेने बघत होते. मग त्यांनी मत घेतलं, हात वर करून, कारण इथे मैत्रीतही मत घेतात. हॉलच्या बाजूने हात वर झाले. एकेक करून माझे सगळे स्वर वर आले, वरच्या बायकांपासून बासपर्यंत. त्याचा हात सगळ्यात शेवटी आणि खांद्याच्या वर गेला नाही, पण गेला. पुढच्या मंगळवारी मला मोठा पुष्पगुच्छ आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड मिळालं. फुलं मी एस-बानच्या सीटवर विसरले. विसरले म्हणजे ठेवून आले.

माझ्या जागी एक तरुण ऑर्गनवादक आला. पोरगा चांगला आहे, मेहनती आहे, तान्हा असतानाच बाप्तिस्मा झालेला. मी त्याला माझ्या प्रती दिल्या. देवनागरी बघून तो म्हणाला, "वा, किती सुंदर दिसतं हे," आणि सगळं पुन्हा टाइप करून घेतलं.

त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी जाणार नव्हते. गेले. शेवटच्या बाकावर बसले, कोट न काढता. त्याने स्वर द्यायला छोटा कीबोर्ड ठेवला होता. टिंग, टिंग, टिंग, टिंग. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या पानापासून ते घसरायला लागलं. वाद्याशिवाय गाणारा क्वायर घसरतोच, त्याला धरून ठेवायला कुणीतरी नुसतं मान वळवून बघावं लागतं. माझा नादकाटा खिशात होता. मी तो गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. गाणं संपेपर्यंत ते पूर्ण अर्धा स्वर खाली आले होते. मागच्या ओळीतून म्हाताऱ्या बासने मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत राहिले.

आणि लोकांना काय वाटलं? लोकांना फार आवडलं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. पाद्रीबाई मला मिठी मारून म्हणाल्या, "ऐकलंत ना? तुम्ही पेरलेलं आहे हे सगळं." ज्याच्यासाठी मी कंपनी सोडली, सासूबाईंचे टोमणे खाल्ले, तो अर्धा स्वर त्या भरलेल्या चर्चमध्ये कुणालाच कमी पडला नाही. जागा गेल्याचं दुःख मला झालंच होतं. पण हे त्याहून वाईट होतं.

दारापाशी, दगडी भांड्याजवळ, म्हातारा बास माझी वाट बघत उभा होता. झाकणावर थर्मास होते.

"उतरलो ना आपण?" त्याने विचारलं.

"हो. अर्धा स्वर."

त्याने मान हलवली. मग माझ्या कोटाची बाही धरून म्हणाला, "थोडंसं पाणीच तर होतं गं. तेवढं घेतलं असतंस तर आज आपण सुरात असतो."

"आणि तुमचा," मी म्हटलं, "नुसता एक हॉलच तर होता."

त्याने बाही सोडली, टोपी घातली आणि कप भरायला वळला.

अजूनही मंगळवारी संध्याकाळ झाली की माझा गळा आपोआप तयार व्हायला लागतो. मी कणीक मळायला घेते. मुलगी आतून विचारते, ममा, तू काय गुणगुणतेस? मी काही नाही म्हणते, आणि मग जरा मोठ्याने गुणगुणते, कारण आता ते ऐकू जाऊ नये अशी काही रीत उरलेली नाही.