सरकार पडल्याचे पेढे

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर एक इराकी डॉक्टर होता. आपल्या सरकारला तो चहा पिता पिता शिव्या घालायचा, त्याही आवाज खाली करून. युद्ध सुरू झालं आणि काही आठवड्यांत ते सरकार पडलं, तेव्हा मला वाटलं, याच्या घरी आज दिवाळी असणार.

मी नागपूरची. आनंदाच्या बातमीला पेढे, एवढं मला कळतं. नवरा म्हणाला, "अगं, आधी त्याला विचार तरी. इट्स कॉम्प्लिकेटेड." पण माझं नेहमीचंच, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन मी स्टाफरूममध्ये हजर.

"हे कशाबद्दल?" त्याने विचारलं.

"तुमचं सरकार गेलं ना!"

तो डब्याकडे बघत राहिला. "गेलं खरं. पण माझा पासपोर्ट गेल्या महिन्यात संपलाय. तो वाढवून कोण देणार आता?"

मग कळलं, त्याची आई युद्धाच्या आधीच शेजारच्या देशात, अम्मानला जाऊन राहिली होती. हृदयाचं दुखणं होतं, आणि याला तिला भेटायचं होतं. लंडनच्या इराकी वकिलातीत फोन कोणी उचलत नव्हतं. अम्मानच्या व्हिसासाठी गेला, तर तिथल्या ऑफिसात एक फॉर्म हातात देऊन सांगितलं, तुमच्या सरकारकडून पासपोर्ट वाढवून आणा. "कोणत्या?" असं त्याने विचारलं, तर समोरची बाई नम्रपणे आत गेली आणि तोच फॉर्म घेऊन परत आली.

मी रोज बातम्या बघायला लागले. तिकडचं नवं सरकार कोणाचं, त्याला मान्यता कोण देणार, यावर मंत्र्यांच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. युद्धाच्या विरोधात मोर्चाला मी गेले होते आणि सरकार पडल्याचे पेढेही मीच आणले होते. मग मी होते तरी कोणाच्या बाजूची? स्वतःचाच राग यायचा. डबा स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये तसाच पडून होता. शेवटी मीच तो फेकला.

पासपोर्ट मिळूच शकत नाही अशांना इथलं सरकार प्रवासासाठी एक कागद देतं. त्यासाठी त्याने अर्ज केला. उन्हाळा गेला, झाडांची पानं गळायला लागली.

एका दुपारी तो स्टाफरूममध्ये आला. हातात आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानातला डबा. मी ओरडलेच, "कागद आला?"

"आज सकाळी आला."

"मग कधी निघतोयस?"

तो खुर्चीवर बसला. डबा उघडून त्याने माझ्यासमोर सरकवला. "आई मागच्या सोमवारी गेली," तो म्हणाला. "कागद मात्र आला. तुमच्यात अशा वेळी हे देतात की नाही? मला नक्की माहीत नव्हतं."

मलाही माहीत नव्हतं. मी एक पेढा उचलला आणि तो हातात धरून बसून राहिले.