ते वाक्य मी पुन्हा सांगितलं नाही

"सगळ्यांचे उखाणे झाले," मॅडम म्हणाल्या. "आता तू वाक्य सांग."

माझ्या हातात तिळगुळाचं ताट होतं. मॅडमच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर बायकाच बायका. नवऱ्याचं नाव घेऊन झालं होतं, हसून झालं होतं. मला नवरा नाही, म्हणून मला वाक्य.

"ही आमची विद्यार्थिनी," मॅडमनी ओळख करून दिली. "सातवी शिकलेली. पण शब्द द्या, वाक्य करते. शब्द आहे 'बारकावे'. सांग गं, परवाचं ते."

परवाचं ते. मला वाटलं होतं ते आमच्या दोघीतलं आहे.

मी सांगितलं. ताट हातात धरूनच सांगितलं. "मायले माह्या आवाजातले बारकावे कळतात, म्हणून मी फोनवर कमी बोलतो."

मग वकिलीणबाई म्हणाल्या, "बोलतो? अगं, मुलगा आहेस की मुलगी?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या. आमच्याकडे बायाही "मी जातो, मी करतो" म्हणतात. माझी माय तशीच बोलते, तिची मायही तशीच बोलायची.

मॅडमबद्दल आधी खरं ते लिहिते. नाहीतर मला माझीच लाज वाटेल.

आमचं गाव घाटाखाली, वडनेर भोलजीच्या पुढे. गावातली शाळा सातवीला संपायची. बाप कामाला सुरतला गेला तो तिकडचाच झाला. माय कापूस वेचायला जायची, घरी लहान भाऊ. आठवीचं नाव निघालंच नाही. पुढं ओळखीच्या एका ताईनं मला मेहकरला मॅडमच्या घरी कामाला लावलं. खामगावला एसटी बदलून घाट चढून आले. मेहकरात माझं म्हणावं असं कोणीच नव्हतं. अजूनही नाही.

मॅडम कॉलेजात मराठी शिकवतात. मला ताप आला तेव्हा त्या उशाशी बसल्या. स्वतःच्या हातानं पट्ट्या ठेवल्या. डोळे तपासून चष्मा करून दिला. आणि रोज सकाळी फ्रिजवर चुंबकाखाली एक शब्द लावायच्या. भांडी घासताना मी तो घोळवायचा, आणि त्या कॉलेजातून आल्या की वाक्य सांगायचं. "सतरा नंबरचा फॉर्म भरून तुला बाहेरून दहावीला बसवते," म्हणाल्या होत्या. माझ्यासाठी असं याआधी कोणी म्हणालं नव्हतं. मी त्या एका बोलण्यावर जगत होते.

दिवसभर त्या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नसायचं. खोटं कशाला सांगू, त्या वाक्याची मी वाट पाहायची.

'बारकावे' आला त्या दिवशी मी आधी कापसाचं वाक्य केलं. बोंडाची टोकं बोटाला लागू न देता कापूस कसा काढायचा, त्यातले बारकावे. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. पण जरा मनातलं सांग ना."

मनातलं.

आदल्या संध्याकाळी मायचा फोन आला होता.

"जेवली काय व?"

"हो."

"काय खाल्लं?"

"पोळी-भाजी."

"मंग आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

मी म्हटलं, रेंज नाही. फोन ठेवून दिला. अजून दोन शब्द बोलले असते तर मी इथं एकटी पडले ते तिला कळलं असतं. मग ती काम सोडून एसटीत बसली असती. तिला येऊ द्यायचं नव्हतं मला.

तेच वाक्य मॅडमला सांगितलं. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बोलतो नाही बेटा, बोलते," तेवढं हळूच सुधारलं. त्या हातासाठी मी त्यांचं काहीही ऐकलं असतं.

आणि आता हॉल हसत होता.

मी तिळगूळ वाटायला लागले. मॅडम एकेकीला हळदीकुंकू लावत माझ्यापर्यंत आल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. वकिलीणबाईंनी पाहिलं. "हिला नाही?"

"त्यांच्यात नसतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, घरात कोणी आजारी असल्यासारखं. आम्ही बौद्ध. नसतं हे खरंच आहे. पण मी तिथंच उभी होते. मला विचारता आलं असतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. उशीर झाला म्हणत सोफ्यावर बसल्या. वकिलीणबाई लगेच, "अहो, तुम्ही हिचं वाक्य हुकवलं. काय गोड बोलते."

"सांग गं पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "मघाशी सांगितलंस अगदी तसंच. 'बोलतो'च म्हण. मजा येते."

बोलतोच म्हण.

जे त्या रोज सुधारायच्या तेच आता जसंच्या तसं पाहिजे होतं. मघाशी सगळ्या हसल्या तेव्हा मला वाटलं होतं, चूक माझी, मी नीट बोलले नाही. आता चुकायलाच सांगत होत्या. माझी माय तिथे घाटाखाली कपाशीत वाकलेली, आणि इथे तिची काळजी प्लेटमध्ये घालून फिरवायची. चिवड्यासोबत.

"नाही सांगत, मॅडम."

"काऊन बे?" वकिलीणबाईंनी आमच्या बोलीची नक्कल केली. पुन्हा हसू.

मॅडम हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "अगं, पुन्हा एकदा सांगायला तुझं काय जातं?"

"जातं," मी म्हणाले.

ताट टीपॉयवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. शूर वगैरे काही वाटलं नाही. दहावी गेली, एवढंच डोक्यात होतं.

बायका गेल्यावर मॅडम आत आल्या. "चारचौघीत माझी मान खाली घातलीस. तापात तुझ्या उशाशी कोण बसलं होतं?"

"तुम्ही."

"मग?"

तापात त्या बसल्या होत्या. हॉलमध्येही त्याच बसल्या होत्या.

"काम सांगा, करतो," मी म्हणाले. करतो, असंच म्हणाले. "वाक्य नाही सांगणार."

"मग यापुढे शब्दही नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या फॉर्मचं तू बघ."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नुसतं चुंबक होतं. मॅडम कामापुरतं बोलायच्या. मीठ कमी आहे. गॅस बंद कर. त्या घराची शांतता मला आधीही माहीत होती, पण आता संध्याकाळी वाट पाहायलासुद्धा काही राहिलं नाही. कित्येकदा वाटलं, जाऊन पाय धरावेत, म्हणावं, सांगतो, पाहिजे तितक्यांदा सांगतो. नाही गेले. महिना भरला तशी पिशवी उचलली.

आता बसस्टँडजवळच्या एका खानावळीत पोळ्या लाटते, मागच्या खोलीत राहते. इथे मला कोणी शिकवत नाही आणि कोणी पाहुण्यांपुढे उभंही करत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरायला मी स्वतः शाळेत गेले. तिथल्या क्लार्कनं वरून खालपर्यंत पाहिलं आणि उद्या ये म्हणाला. मी उद्या गेले. मग परत उद्या.

मॅडमचे उपकार आहेत. ते मी नाकारत नाही, कोणासमोरही नाकारणार नाही. पण त्या उपकारांच्या बदल्यात माझी माय मिळणार नाही.

दहावीच्या पेपरात शब्द येईल, वाक्यात उपयोग करा म्हणतील. करीन. मार्कांपुरतं, बरोबर वाक्य लिहीन. आतलं मी ठरवीन तेव्हा बोलेन, माझ्या तोंडानं, मायच्या बोलीत. त्यावर हसणाऱ्याकडे मी सरळ पाहत राहीन, तो थांबेपर्यंत.