परक्या डब्यांचा मुक्काम

माझं ठाम मत आहे की स्टीलच्या डब्याचं झाकण स्वतःच्या डब्यावर कधीच धड बसत नाही. दुसऱ्याच्या डब्यावर मात्र असं घट्ट बसतं की काढताना नखं तुटावीत. गॅसचा लायटर पाहुण्यांसमोर लाजतो. ते उठून गेले की पहिल्याच दाबाला ठिणगी देतो. आणि चमचे घर सोडून जातात ते एकटे कधीच जात नाहीत, सोबत एखादी वाटी फितवून नेतात.

लग्न होऊन दौंडहून शिरूरला आल्यापासून मी हे सगळं सासूबाईंना सांगत आले. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्यात सासूला तसंच म्हणतात. भाकरी थापता थापता त्या ऐकून घ्यायच्या आणि फटकारायच्या, "भांड्याला काय पाय फुटल्यात व्हय? तूच ठिवलं असशील कुठंतरी." त्यांना माझ्या या सिद्धांतांचा मनापासून राग यायचा आणि मला तो राग आणायला मनापासून आवडायचं. आमचं छान चाललं होतं.

मग गेल्या वर्षी, गणपती उठले त्याच आठवड्यात, आत्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागला, डावा हातही बरा होता, पण वाचा गेली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. घरात त्यांना बोलतं करत राहा. माझा नवरा कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. घरी आला की आईपुढे बसायचा आणि अगदी हळू आवाजात विचारायचा, "आई, पाणी? आई, झोपती का?" आत्या डोळे मिटून घ्यायच्या. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन डोळे पुसायचा.

मला त्या दोघांचाही राग आला. ज्या बाईनं सगळ्या आळीला धाकात ठेवलं तिच्याशी तान्ह्या बाळासारखं काय बोलायचं? मी ठरवून टाकलं. आत्या बोलणार म्हणजे बोलणार, आणि लाडीगोडीनं नाही, चिडून बोलणार.

त्यासाठी लागणारी सामग्री मांडणीवर तयारच होती. आत्या दवाखान्यात असताना आळीनं आम्हाला जेवू घातलं. आमच्या चर्चच्या बायकांनी तर डबे पाठवलेच, पण बुद्धविहाराजवळच्या घरांतून भाकरी-पिठलं आलं, समोरच्या मावशींकडून खिचडी आली. आता आमच्या आळीत भांडं रिकामं परत जात नाही. काही नाही तर मूठभर शेंगदाणे घालायचे, पण घालायचे. आजारपणात ते करायला सवड कुणाला होती? त्यामुळं परकी भांडी आमच्याकडंच राहिली. त्यांच्यावर नावं होती, पण आमच्याकडं भांड्यावर नाव असतं ते लग्नात आहेर देणाऱ्याचं. एका डब्यावर लिहिलं होतं, मामा-मामींकडून सप्रेम भेट. कुणाचे मामा, कुठली मामी, देव जाणे. कुठलं भांडं कुणाचं हे पोच्यांवरून आणि कड्यांवरून ओळखणारी एकच बाई होती, आणि तिचं तोंड बंद होतं.

नाताळ जवळ आला. करंज्या झाल्या, शेव झाली. मी रोज संध्याकाळी एकेक भांडं आत्यांपुढे ठेवायची आणि मुद्दाम खोटं सांगायची. "आत्या, परकं भांडं म्हणजे घरजावई. आधी कोपऱ्यात अवघडून बसतं, मग आपल्याच डब्यांना मागं ढकलतं. हे पातेलं शिंपीणबाईंचं. त्यांच्यात रोज वांगं असतं म्हणून रुसून आलंय." आत्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्या मान हलवायच्या, डाव्या हातानं भलतीकडचं घर दाखवायच्या.

"हात न्हाई आत्या, तोंडानं सांगा."

त्यांचे ओठ थरथरायचे, घशातून नुसता आवाज यायचा. नवरा एकदा उठून उभाच राहिला. "कशाला छळतीस तिला?"

"तुम्ही गप बसा. चिडल्यात त्या. झटक्यापासून एवढ्या जाग्या कवा दिसल्या होत्या?"

तो परत खाली बसला. मलाही आतून भीती वाटत होती, पण मी माघार घेतली नाही.

हातानं दाखवलेलं घर मी मानायचंच नाही असं ठरवल्यामुळं काही डबे करंज्या घेऊन चुकीच्या दारात गेले. एक काकू म्हणाल्या, "आमचा न्हाई गं हा. पर आता आलाच हाय तर ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशी तोच डबा तिळाच्या वड्या भरून आमच्याकडं परत आला, कारण त्यांनाही तो रिकामा पाठवता येईना. मांडणी रिकामी होईचना. मी आत्यांना सांगितलं की घरजावयांनी युनियन केलीय आणि आता ते आपल्याकडंच पर्मनंट होणार. आत्या वाकड्या ओठानं हसल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "न्हाई."

नवऱ्यानं त्या दिवशी आळीभर पेढे वाटले. पण पुढं काहीच येईना. महिना गेला तरी आपलं तेवढंच, न्हाई. लोक म्हणाले, एवढं आलं हेच खूप. मला ते खूप वाटत नव्हतं.

एके दुपारी मांडणी धुवायला काढली तेव्हा अगदी मागं एक कडीचा छोटा डबा सापडला. तो मी आत्यांपुढे ठेवला. "हा बाजारात कुणाच्यातरी पिशवीत बसून पळून आलेला दिसतोय. घरच्यांनी नाद सोडला असंल."

"न्हाई," आत्या म्हणाल्या.

"मग कुणाचा?"

त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. "तुझ्या... आयचा."

मी डबा हातात घेतला. माझी लेक झाल्यावर आई मला दौंडहून पोचवायला आली होती, तेव्हा यातून डिंकाचे लाडू आणले होते. आई जाऊन आता काही वर्षं झाली. तिचाच डबा मला ओळखू आला नाही, आत्यांनी मात्र काहीतरी चांगलं भरून द्यायचा म्हणून सांभाळून ठेवला होता. मला रडू कोसळलं. एकही सिद्धांत सुचेना.

आत्यांनी डाव्या हातानं डबा माझ्याकडं सरकवला. "लाडू... कर. भर."

"भरून कुणाला द्यायचा, आत्या? आई कुठाय आता?"

भाकरी थापताना बघायच्या तशा त्या माझ्याकडं रागानं बघत राहिल्या. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "तू... हायेस... की."